छेद कधी ठेवायचा आणि कधी काढायचा? भास्कराचार्य आणि त्यांच्या बीजगणिताची गोष्ट

आठवी-नववीच्या गणिताच्या वह्यांत एक चूक हमखास सापडते. शाळा साताऱ्यातली असो नाहीतर सांगलीतली, चूक तीच. प्रश्न असतो, क्ष/२ आणि क्ष/३ यांची बेरीज करा. विद्यार्थी २ आणि ३ चा लसावि ६ काढतो, दोन्ही पदांना ६ ने गुणतो आणि उत्तर लिहितो ५क्ष. बरोबर उत्तर आहे ५क्ष/६. पटत नसेल तर क्ष च्या जागी ६ ठेवून पाहा. सहाचा अर्धा ३, सहाचा तिसरा हिस्सा २, बेरीज झाली ५. पण ५क्ष ची किंमत येते ३०. म्हणजे उत्तर सहापट फुगले.

गंमत अशी की याच विद्यार्थ्याने क्ष/२ + क्ष/३ = १० हे समीकरण सोडवताना सगळ्याला ६ ने गुणले, तर त्याला पूर्ण गुण मिळतात. ३क्ष + २क्ष = ६०, म्हणून क्ष = १२. एका ठिकाणी छेद काढला की चूक आणि दुसऱ्या ठिकाणी काढला की शाबासकी! गणिताचे नियम शिक्षकांच्या मर्जीने बदलतात असे वाटून पुष्कळ मुले इथेच बीजगणिताला रामराम ठोकतात.

नियम बदलत नाही. पहिल्या ठिकाणी नुसती बैजिक राशी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी समीकरण आहे, एवढाच फरक. हा फरक आपल्याच सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका गणितज्ञाने ११५० साली लिहिलेल्या ग्रंथात नीट मांडलेला आहे. त्यांचे नाव भास्कराचार्य. ते कोण होते, कुठले होते आणि त्यांच्या ग्रंथात या फरकाबद्दल काय सापडते, ते पाहू.

भास्कराचार्य नेमके कुठले?

भारतीय गणितात भास्कर नावाचे दोन मोठे गणितज्ञ झाले. पहिले सातव्या शतकातले. आपण ज्यांना भास्कराचार्य म्हणतो ते दुसरे, बाराव्या शतकातले. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. ही माहिती त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात देऊन ठेवली आहे. वडिलांचे नाव महेश्वर, गोत्र शांडिल्य, आणि गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेले विज्जडविड.

हे विज्जडविड कुठे होते यावरून पुष्कळ चर्चा झाली आहे. सातारा-सांगलीच्या वाचकाचा इथे दोनदा गोंधळ होऊ शकतो.

पहिला गोंधळ पाटण या नावाचा. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख पाटण येथे मिळाला असे पुस्तकांत वाचले की सातारकराच्या डोळ्यांपुढे कोयनाकाठचे पाटण उभे राहते. पण शिलालेखाचे पाटण ते नव्हे. ते जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पाटणादेवीचे ठिकाण म्हणून ते प्रसिद्ध आहे.

दुसरा गोंधळ विजापूरचा. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याची हद्द ओलांडली की विजापूर जिल्हा लागतो. नावातल्या साम्यामुळे अनेक जुन्या पुस्तकांत विज्जडविड म्हणजे विजापूर असे लिहिलेले आढळते. पण विजापूर पठारावर आहे, सह्याद्रीपासून लांब. भास्कराचार्यांनी मात्र आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे आहे असे स्पष्ट सांगितले आहे. शिवाय घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ मिळाला. म्हणून आज अनेक अभ्यासक विज्जडविड त्याच परिसरात असावे असे मानतात.

हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तो १२०७ सालचा आहे. त्यात या घराण्याची वंशावळच आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चंगदेव. नऊ पिढ्या, आणि पिढ्यानपिढ्या विद्वत्तेची परंपरा.

घर हीच शाळा

भास्कराचार्यांचे गुरू म्हणजे त्यांचे वडील. महेश्वर स्वतः ज्योतिषी होते. त्या काळी ज्योतिष म्हणजे ग्रहगणित, पंचांग आणि त्यासाठी लागणारे सगळे अंकगणित-बीजगणित. ग्रहण कधी लागेल, सूर्य कोणत्या राशीत कधी जाईल, हे काढायला अपूर्णांकांशी रोज झगडावे लागे. एखादा ग्रह इतक्या दिवसांत इतके अंश चालतो, तर अमुक दिवसांनी कुठे असेल, हा प्रश्न सोडवायला बसले की छेद आणि अंश यांच्यापासून सुटका नसते.

त्या वेळी दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि त्यांचे मांडलिक आपापला मुलूख सांभाळत होते. आजच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागात, म्हणजे कऱ्हाड-मिरज-कोल्हापूरच्या पट्ट्यात, शिलाहारांचे राज्य होते. पुढे शिलाहार राजा दुसरा भोज याने अनेक किल्ले बांधले. साताऱ्याचा अजिंक्यताराही त्यानेच बांधला असे परंपरा सांगते. उत्तरेला खानदेशात निकुंभ घराणे आणि त्यांच्यावर देवगिरीचे यादव. पुढे याच यादवांच्या दरबारात भास्कराचार्यांच्या घराण्याला मोठा मान मिळाला.

छत्तिसाव्या वर्षीचा ग्रंथ

शके १०७२, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिले दोन गणिताचे, पुढचे दोन खगोलशास्त्राचे. चारही भाग श्लोकबद्ध आहेत. श्लोक पाठ होतात पण कधी कधी समजत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच गद्यात स्पष्टीकरणेही लिहिली.

लीलावती हे नाव कुठून आले याची एक कथा सगळीकडे सांगतात. लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर मोजला जात होता. तिच्या अंगावरचा मोती त्या पात्राच्या छिद्रात अडकला, मुहूर्त टळला, आणि मुलीच्या समाधानासाठी वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराबरोबर पसरली. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात ती नाही. ग्रंथातली काही उदाहरणे मात्र खरोखरच एका मुलीला उद्देशून आहेत. काही मित्राला, तर काही व्यापाऱ्याला.

बेरजेसाठी छेद सारखे करा

लीलावतीत अपूर्णांकांची बेरीज शिकवताना भास्कराचार्य आधी समच्छेद करायला सांगतात. समच्छेद म्हणजे छेद सारखे करणे. त्यांची रीत अशी: प्रत्येक अपूर्णांकाचा अंश आणि छेद या दोघांनाही दुसऱ्याच्या छेदाने गुणा. दोघांनाही, हे महत्त्वाचे. वर-खाली एकाच संख्येने गुणले तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही. फक्त त्याचे रूप बदलते.

त्यांचे एक उदाहरण पाहा. तीन, एक पंचमांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज किती? छेद १५ करायचा. तीनचे झाले ४५/१५, एक पंचमांशाचे ३/१५, एक तृतीयांशाचे ५/१५. बेरीज ५३/१५. छेद १५ शेवटपर्यंत जागेवर राहिला. तो काढला असता तर उत्तर ५३ आले असते. तीनमध्ये एकापेक्षाही कमी मिळवून ५३ कसे होतील?

यानंतर ते एक शहाणपणाची सूचना देतात. दोन्ही छेदांना भाग जाणारी एखादी संख्या असेल तर आधी छेद तिने भागून लहान करा, मग त्या लहान संख्यांनी गुणा. उदाहरण आहे १/१४ मधून १/६३ वजा करण्याचे. सरळ गुणाकार केला तर छेद होतो ८८२. पण १४ आणि ६३ दोघांनाही ७ ने भाग जातो. उरतात २ आणि ९. मग पहिल्याला वर-खाली ९ ने गुणा, दुसऱ्याला २ ने. ९/१२६ वजा २/१२६, उत्तर ७/१२६, म्हणजेच १/१८. आज शाळेत आपण लसावि काढतो तो याच कामासाठी.

त्या काळच्या हस्तलिखितांत अंशाखाली छेद लिहीत, पण मधली आडवी रेघ नसे. रेघ नसली तरी छेद कुठे जात नाही, हे विद्यार्थ्याला डोक्यात ठेवावेच लागे.

अक्षरे आली: या, का, नी

लीलावतीत बहुतेक सगळ्या संख्या माहीत असतात. बीजगणितात माहीत नसलेल्या, म्हणजे अव्यक्त संख्या येतात. आज आपण त्यांना चल म्हणतो. भास्कराचार्य पहिल्या अव्यक्ताला यावत्तावत् म्हणतात आणि थोडक्यात 'या' लिहितात. आणखी अव्यक्ते लागली तर रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. त्यांची अक्षरे का, नी, पी, लो. म्हणूनच अव्यक्तांना ते वर्ण म्हणतात. नुसत्या संख्येला रूप म्हणतात आणि तिच्यामागे 'रू' लिहितात. ऋण संख्येवर टिंब देतात.

आता ग्रंथाची मांडणी पाहा, कारण आपला प्रश्न इथेच सुटतो. सुरुवातीला धन-ऋण संख्यांच्या क्रिया येतात, मग शून्याच्या, मग अव्यक्तांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. त्यानंतर करणी म्हणजे वर्गमूळ नीट न निघणाऱ्या संख्या, कुट्टक, वर्गप्रकृती. आणि हे सगळे झाल्यावर समीकरण. म्हणजे राशी आधी आणि समीकरण नंतर.

अव्यक्तांची बेरीज शिकवताना नियम असा की एकाच जातीची पदे मिळवा, वेगळ्या जातीची पदे वेगळी ठेवा. 'या' मध्ये 'या' मिळेल, 'रू' मध्ये 'रू' मिळेल. 'या' आणि 'रू' एकमेकांत मिसळणार नाहीत. त्यांचे पहिलेच उदाहरण असे: एका बाजूला एक अव्यक्त आणि धन एक, दुसऱ्या बाजूला दोन अव्यक्त आणि ऋण आठ. मिळवले की तीन अव्यक्त आणि ऋण सात. आजच्या भाषेत (क्ष + १) + (२क्ष − ८) = ३क्ष − ७.

आणि तिथे गणित संपले. ३क्ष − ७ हेच उत्तर. आज अनेक विद्यार्थी इथे थांबत नाहीत. त्यांना वाटते, क्ष ची किंमत काढल्याशिवाय उत्तर पूर्ण कसे होईल? मग ते आपल्या मनाने पुढे '= ०' लिहितात आणि क्ष = ७/३ काढून मोकळे होतात. प्रश्नात कोणी म्हटलेच नव्हते की ही राशी शून्याएवढी आहे. तेवढे एक '= ०' जोडल्याने राशीचे समीकरण झाले, आणि तेही न विचारलेले.

घोड्यांची किंमत

राशीचे समीकरण कधी होते? बीजगणितातल्या एकवर्ण समीकरणाच्या पहिल्याच उदाहरणात याचे उत्तर आहे.

दोन माणसे आहेत. पहिल्याकडे ३०० रूपे आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे तशाच किमतीचे १० घोडे, पण त्याच्यावर १०० रूपांचे कर्ज. दोघांची संपत्ती सारखी आहे. तर एका घोड्याची किंमत किती?

घोड्याची किंमत 'या' माना. पहिल्याची संपत्ती झाली 'या ६ रू ३००'. दुसऱ्याची 'या १० रू १००', आणि या १०० वर कर्जाचे टिंब. आतापर्यंत या दोन राशी आहेत. दोन माणसांच्या घरातली दोन वेगळी खाती. घोडा ५० ला मिळो की ५०० ला, राशी तशाच राहतात. फक्त त्यांच्या किमती बदलतील.

मग येते ते एक वाक्य, दोघांची संपत्ती सारखी आहे. या वाक्याबरोबर दोन्ही राशी एकमेकींशी बांधल्या जातात आणि 'या' ची किंमत आता वाटेल ती असू शकत नाही. भास्कराचार्य या दोन पक्षांना एकाखाली एक मांडतात. एखाद्या पक्षात एखादे पद नसेल तर तिथे शून्य लिहितात, म्हणजे जातीखाली जात नीट येते. मग एका पक्षातले 'या' दुसऱ्यातून वजा करतात आणि रूपे उलट बाजूने. याला समशोधन म्हणतात. १० मधून ६ गेले, उरले ४ घोडे. ३०० आणि कर्जाचे १०० मिळून ४००. चार घोड्यांचे ४००, म्हणून एक घोडा १०० चा.

त्यानंतर ते त्याच दोन राशी ठेवून अट बदलतात. पहिल्याच्या निम्म्या संपत्तीत दोन मिळवले की दुसऱ्याची संपत्ती होते, अशी अट घातली तर घोड्याची किंमत येते ३६. पहिल्याची संपत्ती दुसऱ्याच्या तिप्पट आहे असे म्हटले तर २५. ताळा करून पाहा: घोडा २५ चा असेल तर पहिल्याकडे ४५० आणि दुसऱ्याकडे १५०. बरोबर तिप्पट.

राशी त्याच, पण उत्तरे तीन. कारण उत्तर ठरवते ती राशी नव्हे, अट. आज आपण ही अट '=' या चिन्हाने दाखवतो. हे चिन्ह इंग्लंडमधल्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली वापरात आणले, म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथानंतर ४०० वर्षांनी. भास्कराचार्यांकडे हे चिन्ह नव्हते. त्यांच्याकडे दोन ओळींची मांडणी होती आणि प्रश्न नीट वाचण्याची शिस्त होती. आज चिन्ह आयते मिळते, त्यामुळे ते कुठेही ठोकून द्यायचा मोह होतो. उत्तराच्या प्रत्येक ओळीत '=' लिहिण्याची सवय लागते आणि राशी सोपी करतोय की समीकरण सोडवतोय, याचा विसर पडतो.

भुंग्यांचा थवा आणि छेदगम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. छेद कधी काढायचा?

भास्कराचार्यांचे भुंग्यांचे उदाहरण लीलावतीतही आहे आणि बीजगणितातही. भुंग्यांच्या एका थव्यातला पाचवा हिस्सा कदंबाच्या फुलावर गेला. तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोन हिश्श्यांतला जो फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुटजाकडे गेले. उरलेला एक भुंगा हवेतच घिरट्या घालत राहिला. तर एकूण भुंगे किती?

लीलावतीत हे उदाहरण इष्टकर्माने सोडवले जाते. म्हणजे एखादी सोयीची संख्या मानायची, तिच्यावर सगळ्या क्रिया करायच्या आणि आलेल्या उत्तराच्या प्रमाणात खरी संख्या काढायची. बीजगणितात तेच उदाहरण अव्यक्त धरून सोडवतात. एकूण भुंगे क्ष मानू.

पहिले काम बेरजेचे. कदंबावर क्ष/५, शिलींध्रावर क्ष/३. यांचा फरक क्ष/३ − क्ष/५, म्हणजे ५क्ष/१५ − ३क्ष/१५ = २क्ष/१५. त्याच्या तिप्पट ६क्ष/१५. आता फुलांवर गेलेले सगळे भुंगे: ३क्ष/१५ + ५क्ष/१५ + ६क्ष/१५ = १४क्ष/१५. इथवर आपण फक्त राशींची बेरीज केली. म्हणून छेद १५ जागेवर आहे. तो काढला तर फुलांवर १४क्ष भुंगे बसतील, म्हणजे अख्ख्या थव्याच्या चौदापट!

दुसरे काम समीकरणाचे. फुलांवरचे भुंगे आणि हवेतला एक मिळून अख्खा थवा होतो. १४क्ष/१५ + १ = क्ष. आता दोन पक्ष आहेत आणि ते सारखे आहेत. भास्कराचार्य इथे आधी समच्छेद करतात, म्हणजे दोन्ही पक्षांतल्या प्रत्येक पदाला छेद १५ देतात. १४क्ष/१५ + १५/१५ = १५क्ष/१५. मग येते ती पायरी जिला ते छेदगम म्हणतात. गम म्हणजे जाणे. छेद गेला. उरले १४क्ष + १५ = १५क्ष. म्हणून क्ष = १५. ताळा: ३, ५, ६ आणि १, एकूण १५.

छेद का जाऊ शकला? कारण दोन सारख्या गोष्टींना एकाच संख्येने गुणले तर त्या सारख्याच राहतात. तराजूच्या दोन्ही पारड्यांतले सामान पंधरापट केले तरी काटा मध्येच राहतो. पण तराजूच नसेल, एकच पिशवी असेल, तर तिच्यातले सामान पंधरापट करून वजन तेच आहे असे म्हणता येत नाही. राशी म्हणजे ती एकटी पिशवी. समीकरण म्हणजे तराजू.

या उदाहरणात आणखी एक खाच आहे. हवेतल्या त्या एका भुंग्याला छेद दिसत नाही, म्हणून घाईत त्याला गुणायचे राहून जाते आणि विद्यार्थी लिहितो १४क्ष + १ = १५क्ष. उत्तर येते क्ष = १. एकाच भुंग्याचा थवा, आणि त्याचा पाचवा हिस्सा कदंबावर! आधी समच्छेद, मग छेदगम, हा क्रम पाळला की ही चूक होत नाही. समच्छेद करताना १ चे १५/१५ करावेच लागतात. म्हणून ही मधली पायरी वहीत लिहायचा कंटाळा करू नये.

छेदात शून्य आले तर?

छेदात अव्यक्त असले की आणखी एक काळजी घ्यावी लागते. १/क्ष + १/(क्ष + १) ही बेरीज समच्छेद करून (२क्ष + १)/क्ष(क्ष + १) अशी होते. पण क्ष ची किंमत ० किंवा −१ असेल तर छेदच शून्य होतो आणि या राशीला अर्थ राहत नाही.

शून्याने भागण्याचा विचार भास्कराचार्यांनी केला होता. शून्य छेद असलेल्या राशीला ते खहर म्हणतात. तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले तरी तिच्यात फरक पडत नाही, ती अनंत आहे, असे त्यांचे मत. तिची तुलना त्यांनी परमेश्वराशी केली. मात्र लीलावतीत त्यांनी एक उदाहरण दिले आहे, त्यात संख्येला शून्याने गुणून, तिच्यात तिचा अर्धा मिळवून, तिप्पट करून, शून्याने भागले की ६३ येतात. तिथे ते गुणणारे आणि भागणारे शून्य एकमेकांना काटतात आणि उत्तर १४ देतात. आजचे गणित हे मान्य करत नाही. शून्याने भागाकार करता येत नाही, त्यामुळे शून्याला शून्याने काटता येत नाही. छेदगम करायचा तर छेद शून्य नाही ना, हे आधी पाहावे लागते. इतक्या मोठ्या गणितज्ञाला जिथे अडचण आली, तिथे विद्यार्थ्याने सावध असलेले बरे.

अव्यक्तांच्या गणितात त्यांची झेप मात्र थक्क करणारी आहे. एखाद्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती? चक्रवाल पद्धतीने त्यांनी सर्वांत लहान उत्तर दिले: २२,६१,५३,९८०. फ्रान्समधल्या फर्माने हाच प्रश्न १६५७ साली युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला, तेव्हा भास्कराचार्यांचे उत्तर लिहून ५०० वर्षे झाली होती.

उतारवय आणि नंतर

'सिद्धांतशिरोमणी'नंतर ३३ वर्षांनी, ११८३ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. हा पंचांग करणाऱ्यांसाठीचा सोपा ग्रंथ. मोठी सूत्रे बाजूला ठेवून झटपट गणिते कशी करावीत हे त्यात आहे. पुढची कित्येक शतके पंचांगकर्ते तो वापरत राहिले.

मुलगा लक्ष्मीधर याची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपाल त्याला पाटणहून आपल्याकडे घेऊन गेला. नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी झाला. चंगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेव याने त्या मठाला १२०७ साली देणगी दिली. हीच हकीकत त्या शिलालेखात कोरलेली आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण देणग्यांचा तपशील जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या खरेदी-विक्रीतून सुपाऱ्या, तेलाच्या घाण्यांकडून पळी पळी तेल. म्हणजे बीजगणित शिकवणारी ही शाळा गावच्या बाजारहाटावर चालत होती.

याच सिंघणाने १२१२ च्या सुमारास शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव केला. त्यामुळे कऱ्हाड-मिरजेचा पट्टा, म्हणजे आजचे सातारा-सांगली, यादवांच्या राज्यात आला. भास्कराचार्यांचा नातू ज्या राजाचा ज्योतिषी होता, त्याच राजाची सत्ता आता कृष्णाकाठीही सुरू झाली.

ग्रंथ पुढे दूरवर गेले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. बीजगणितावर कृष्ण दैवज्ञांनी टीका लिहिली. १६३४ साली, शाहजहानच्या काळात, अताउल्ला रशीदी याने बीजगणिताचे फारसीत भाषांतर केले. १८१७ साली कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर लंडनहून निघाले. मराठीत ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' १९७१ साली पुण्यात प्रसिद्ध झाले.

वहीत हे कसे वापरायचे?

गणित सोडवायला घेण्याआधी प्रश्नात दोन गोष्टी सारख्या आहेत असे म्हटले आहे का, ते पाहा. 'बेरीज करा', 'सरळ रूप द्या', 'वजा करा' असे असेल तर ती राशी आहे. तिथे समच्छेद करा, अंश मिळवा आणि छेद शेवटपर्यंत सांभाळा. उत्तरही राशीच असेल. 'सोडवा', 'किंमत काढा' असे असेल आणि मध्ये '=' असेल तर ते समीकरण आहे. तिथे प्रत्येक पदाला समच्छेद द्या आणि मगच छेद काढा. उत्तर एखादी संख्या असेल, ती मूळ समीकरणात ठेवून ताळा करा.

राशीचाही ताळा घेता येतो. क्ष च्या जागी एखादी सोपी संख्या ठेवा, प्रश्नात आणि उत्तरात. दोन्हीकडे एकच किंमत आली पाहिजे. क्ष/२ + क्ष/३ मध्ये ६ ठेवले की ५ येतात आणि ५क्ष/६ मध्येही ५ येतात. हे तपासायला अर्धा मिनिट पुरतो आणि गेलेला छेद लगेच सापडतो.

भास्कराचार्यांच्या मते खरे बीज म्हणजे बुद्धी. या, का, नी ही अक्षरे तिच्या मदतीला येतात, इतकेच. छेद ठेवायचा की काढायचा हे अक्षरे सांगत नाहीत. प्रश्न वाचून ते आपणच ठरवायचे असते.